दिवेवाल्याची बायको

पिंपळगाव रेणुकाई
४ ऑक्टोबर १९९८

वसंता,

तुझा लेख वाचला. आबाराव गुरुजींनी वाचनालयात रविवारची पुरवणी माझ्यासाठी बाजूला काढून ठेवली होती. वर तुझं नाव, शेजारी फोटो. चष्मा लागलेला दिसतो. गुरुजी म्हणाले, "पुष्पाबाई, पोरानं नाव काढलं हो." मी पुरवणी घडी घालून घरी आणली आणि उंबऱ्यात बसून तीनदा वाचली.

लेख चांगला आहे, आईच्या मायेनं म्हणत नाही. आकाशातला एक तारा विझतो आणि तो का विझला हे बघायला एकटा माणूस वर्षानुवर्षं यानात बसून जातो, त्या परदेशी सिनेमाबद्दल तू लिहिलंस. विज्ञानाचा असा सिनेमा पुन्हा झाला नाही, असं तुझं म्हणणं. आणि तो काढणारा दिग्दर्शक थंड काळजाचा होता, त्यानं बघणाऱ्यावर कधी दया केली नाही, म्हणूनच तो मोठा, हे दुसरं म्हणणं. पहिलं मला पटलं. दुसऱ्याचं नंतर बघू.

पण मधे तू लिहिलंस, "हा सिनेमा मी प्रथम पाहिला तो आमच्या भागातल्या एका यात्रेत. तिथल्या अडाणी तंबूवाल्याने माइक हातात घेऊन त्याची भाकडकथा करून टाकली. यान उजवीकडून येत असताना तो 'डावीकडून आलं' असं सांगत होता. ज्याला डावं-उजवं कळत नाही, त्याने आम्हाला अंतराळ दाखवलं."

वाक्य जमलंय. लोक हसले असतील. तो तंबूवाला तुझा बाप होता, एवढं मात्र लिहिलं नाहीस.

खाली बारीक अक्षरात छापलंय की तुझ्या लेखांचं पुस्तक उन्हाळ्यात निघणार आहे. पेपराचं एक बरं असतं, आठ दिवसांत त्याच्या पुड्या होतात. पुस्तक राहतं. गुरुजी ते वाचनालयात मागवतील, त्यावर नंबर टाकतील, आणि मी नसेन तेव्हाही ते फळीवर उभं असेल. म्हणून लिहिते. तेवढ्या चार ओळी पुस्तकात घेऊ नकोस. दुसरं काही मागत नाही. आप्पांच्या तेराव्यानंतर पाच वर्षांत तू आला नाहीस, त्याबद्दलही काही म्हणत नाही.

तुझी
आई


१९ नोव्हेंबर १९९८

वसंता,

तुझं कार्ड मिळालं. पाच वर्षांतलं पहिलं. "जे घडलं ते लिहिलं. खोडता येणार नाही. त्या दिग्दर्शकाने सहा वर्षं खपून तो सिनेमा केला आणि आपण त्याची वाट लावली, याची मला अजून लाज वाटते."

बरं. मग जे घडलं ते मीही लिहिते. तू तेव्हा चौदा वर्षांचा होतास, पुरुषांच्या बाजूला पहिल्या रांगेत.

यात्रेचा दुसरा दिवस. आपल्या तंबूत मधोमध पांढरं कापड. अलीकडे मशीन आणि पुरुष, पलीकडे बायका. कापड पातळ, त्यामुळे चित्र आरपार दिसायचं. आम्हाला सगळं उलटं दिसे. हिरो डाव्या हातानं जेवायचा, डाव्या हातानं गोळी मारायचा. अक्षरंही उलटी. मी दुसरीत शाळा सोडलेली. पुढचं वाचायला कुठं शिकले म्हणशील तर त्या कापडाच्या मागे, सिनेमांची नावं उलटी लावून लावून. पुस्तकातली सुलटी अक्षरं मला नंतर फार सोपी वाटली.

त्या दिवशी जालन्याहून रिळांची पेटी आली ती भलतीच. आपण मारामारीचा पिक्चर मागवला होता, पेटीत निघाला हा. मशीनवर हाताखाली असलेल्या कडूबानं रीळ उजेडात धरून बघितली आणि म्हणाला, "बद्रीभाऊ, ह्याच्यात तं नुसता अंधारच हाय." तोवर तिकिटं फाडून झालेली, तंबू गच्च. लावला तोच. दहा मिनिटं गेली तरी कुणी बोलेना, गाणं नाही, बाई नाही. काळ्या आकाशात एक पांढरं यान, मुंगी ताटावरून चालावी तसं चाललेलं. लोक ओरडायला लागले. "ए बद्री, पिच्चर लाव न्हाई तं पैशे दे!" कुणी तरी खांबाचा दोर सोडायला घेतला. आदल्याच वर्षी एका तंबूवाल्याचा तंबू यात्रेतल्या लोकांनी असाच भुईसपाट केलेला.

तेव्हा आप्पांनी माइक घेतला. पडद्याच्या बुडाशी, कापडाला खेटून खाली बसले आणि गोष्ट सांगायला लागले. हा दिवेवाला आहे. आकाशातले दिवे लावायचं काम ह्याच्याकडे. एक दिवा विझलाय. घरी बायको आहे, ती रोज सांजेला कंदिलाची काच पुसते, म्हणजे ह्याला वरून घर दिसावं.

अडीच तास, वसंता. हजार माणूस गप्प. बाहेरच्या पाळण्यांचा आवाज कुठं तरी लांब गेला होता. कापडावरचा उजेड बायकांच्या तोंडावर निळा निळा हलत होता, आणि मला वाटलं, आपण सगळ्या जणी जमिनीपासून वीतभर वर आहोत. शेवटी पडद्यावर पुन्हा ते घर येतं, खिडकीत पाठमोरी बाई, हातात कसली तरी काच, ती पुसतेय. ती मान वळवते, आणि सिनेमा संपतो. आप्पा म्हणाले, "आला. दिवेवाला घरी आला." माझ्या शेजारी साखराबाई होती. तिचा नवरा मल्हारी मेंढरं घेऊन गोदावरीकडे, घनसावंगीच्या बाजूला गेलेला, चार महिने निरोप नाही. ती पदर तोंडात धरून हमसून हमसून रडली.

तू वाट लावली म्हणतोस ती ही.

पुढची सात वर्षं लोक आप्पांना वाटेत थांबवून गोष्ट सांगायला लावायचे. ते लाजायचे, म्हणायचे, "आता न्हाई आठवत." मग एकोणीसशे एक्क्याण्णवला तू पुण्याहून आलास. तिथल्या क्लबात तू तो सिनेमा नीट बघितला होतास, खाली अक्षरं असलेला. हॉटेलात दहा माणसं चहा पीत असताना तू म्हणालास, "आप्पा, त्याची बायको सिनेमा सुरू व्हायच्या आधीच मेलेली आहे. तुम्ही लोकांना सात वर्षं खोटं सांगितलं." कुणी तरी हसलं. मी दारात उभी होते, दुधाची चरवी द्यायला आले होते. आप्पांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "आसंल बाबा. तू शिकेल हायस." त्या वर्षी त्यांनी मशीन विकलं.

हे जे घडलं तेही खोडता येत नाही.

आई


१० जानेवारी १९९९

वसंता,

तू पाठवलेली व्हिडिओ कॅसेट मिळाली. वर चिठ्ठी, "एकदा नीट बघ, म्हणजे कळेल." गुरुजींच्या पुतण्याकडे भोकरदनला कॅसेट लावायचं मशीन आहे, तो रविवारी घेऊन आला. भर दुपारी खिडक्यांना चादरी लावून आम्ही तिघं बसलो. मी, गुरुजी आणि साखराबाई. खालची इंग्रजी अक्षरं गुरुजी वाचून अर्थ सांगत होते, पण ती फार थोडी आहेत.

मी तो सिनेमा पहिल्यांदाच समोरून बघितला. चौदा वर्षं माझ्या मनात त्या माणसाच्या डाव्या गालावर तीळ होता, तो उजव्या गालावर निघाला. कसं तरीच झालं. आपलं ओळखीचं माणूस कुणी आरशातून बाहेर काढून समोर बसवावं तसं.

तुझं खरं आहे. ती आधीच मेलेली आहे. थोडं पुढे गेल्यावर एक जण त्याला विचारतो, मागे कोण आहे? तो म्हणतो, कुणी नाही. म्हणूनच त्याला निवडतात. आम्हाला तेव्हा ती फक्त दोन माणसं बोलताना दिसली होती.

पुढचं सगळं मी बघितलं. आता मला ते जवळचं आहे. आप्पा गेल्यावर पहिलं वर्ष मी अशीच होते. सकाळी उठायचं, बटणं दाबल्यासारखी कामं करायची, चूल, धुणं, ढोरं, आणि भोवती काळं, आवाज नसलेलं. त्या दिग्दर्शकाला हे कुठून कळलं कुणास ठाऊक. तू त्याला थंड म्हणतोस. मला नाही वाटलं. तो माणूस जेवताना दोन चमचे काढतो आणि एक परत ठेवतो, ते तू लेखात का लिहिलं नाहीस? बघितलंस का? थंड माणसाला दुसरा चमचा सुचत नाही.

आणि शेवट. तू म्हणतोस घर रिकामं आहे, ती बाई म्हणजे त्याचा भास, दिग्दर्शकानं स्वतः मुलाखतीत तसं सांगितलंय. सांगितलं असेल. पण ती मान वळवते. कुणी हाक मारल्याशिवाय माणूस तशी मान वळवत नाही. हे मी साखराबाईला म्हणाले तर ती म्हणाली, "मंग! आन् त्याला काय म्हाईत? त्यानं एकाच बाजूनं पाह्यला आसंल." गुरुजी इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

या पत्रात मला आणखी एक गोष्ट लिहायची होती. कागद संपला असं समज.

आई


११ जानेवारी १९९९

वसंता,

कागद संपला नव्हता.

काल झोपताना ठरवलं की सकाळी लिहायचं, आणि सकाळी आधी भांडी घासली, मग सरकीच्या पोत्यांवर ताडपत्री ओढली, मग ओटा सारवला. आता दुसरं काम उरलं नाही.

डावं मी म्हणाले होते.

आप्पा माइक घेऊन पडद्याच्या बुडाशी बसले तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांचा जीव मशीनमध्ये, माणसांसमोर त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची, तुला माहीत आहे. कापडाच्या पलीकडे मी बसले होते. मला त्यांची पाठ दिसत होती, कापडाला टेकलेली. मी कापडाला तोंड लावून म्हणाले, "मी सांगते, तुम्ही बोला."

ते माझंच बोलणं जसंच्या तसं बोलत गेले. मला यान डावीकडून येताना दिसलं, मी डावीकडून म्हणाले, त्यांनी डावीकडून सांगितलं. पुरुष ओरडले, "ओ बद्रीभाऊ, उजवीकून आलं की!" त्यांनी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. डोळे मिटून ऐकत होते. त्यांना डावं-उजवं कळत होतं, वसंता. त्यांनी ते माझ्यावर सोडलं होतं.

दिवेवाला माझा. कंदिलाची काच माझी. बायको तर साखराबाईनं विचारली म्हणून आली. तिनं माझा दंड धरून विचारलं, "याला बायको हाय का न्हाई गं?" मी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "हाय." काय सांगणार होते दुसरं? चार महिने जिच्या माणसाचा पत्ता नाही तिला?

तेव्हा हे कुणाला सांगायचं नाही असं ठरलं. बाईनं आतून सांगितलं आणि बाप्यानं बोललं म्हटल्यावर लोकांनी त्यांना जगू दिलं नसतं, आणि तुझी आजीही तेव्हा होती. शिवाय मला ते आवडायचं. लोक त्यांना थांबवून नमस्कार करायचे, त्यांचे कान लाल व्हायचे, ते मी लांबून बघायची. तेव्हा ते फार देखणे दिसायचे.

पण एक्क्याण्णवला हॉटेलच्या दारात मी उभी होते. तू बोललास, कुणी हसलं, आणि आप्पांनी एकदाच माझ्याकडे बघितलं. बोलून टाक म्हणून नाही. उलट, गप्प राहा म्हणून. आणि मी राहिले. त्यांच्यासाठी राहिले असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. पुण्याहून आलास की तू पिशवीतून पुस्तक काढायचास आणि म्हणायचास, "या घरात वाचणारी एक आईच आहे." मला ती जागा सोडवेना. मी तोंड उघडलं असतं तर भाकडकथा सांगणारी मी ठरले असते. मी तुझ्या नजरेतून उतरू नये म्हणून त्यांना उतरू दिलं.

दोन वर्षांनी ते गेले. आजारपणात त्यांनी एकदाही हा विषय काढला नाही. मी काढला, तर म्हणाले, "जाऊ दे. तुझी गोष्ट बेस होती."

आता लिही काय लिहायचं ते. अडाणी लिहायचं असेल तर माझं नाव घाल. पुष्पाबाई बद्रीनाथ, दुसरी नापास. ते पास होते, चौथी.

आई


२ मार्च १९९९

वसंता,

सात आठवड्यांनी पत्र आलं. पोस्टमन शिवाजी लांबूनच हात हलवत आला, त्यालाही रोज विचारून मी वैताग आणला होता.

तू लिहिलंस, "आठ वर्षं मी आप्पांवर रागावलो होतो, आता तो राग कुठं ठेवू ते कळत नाही. तुझ्यावर ठेवावा असं वाटतं."

ठेव. इथे जागा आहे. आणि माझ्यावरचा राग घेऊन माणसाला घरी येता येतं. यात्रा चैत्रात आहे. पुस्तकाची छपाई कधी ते कळव.

आई


९ एप्रिल १९९९

वसंता,

तू गेल्याला तास झाला. तू पुण्याला पोचायच्या आधी पत्र टपालात पडावं म्हणून लगेच बसले.

दोन दिवस तू माझ्याशी मोजकंच बोललास. भाकरी वाढली की "बास", पाणी दिलं की "ठेव". मला त्याचं काही वाटलं नाही. पुस्तकाच्या कागदांचा जुडगा तू कपाळाशी धरून बसायचास ते बघत होते. आप्पा मशीनचा पट्टा तुटला की असेच बसायचे.

हॉटेलात मी मुद्दाम आले नव्हते. तू साखर आणायला म्हणून निघालास आणि अर्धा तास आला नाहीस, म्हणून बघायला आले. तू बाकड्यासमोर उभा. तेच हॉटेल, माणसं थोडी नवी. मी पोचले तेव्हा तू म्हणत होतास, "मी तेव्हा आप्पांना खोटं पाडलं. गोष्ट त्यांची नव्हतीच. आतून आई सांगत होती." मला वाटलं, आता जमीन फाटून आत घेईल तर बरं.

आणि कडूबा बशीतला चहा फुंकत म्हणाला, "मंग? आम्हाला म्हाईतच हाय की."

"काय माहीत आहे?"

"आरं, माइकमधी बांगड्या वाजून राह्यल्या होत्या. भोंग्यातून अख्ख्या जत्रेनं आयकल्या. आन् तुझा बाप कव्हा एका दमात दोन वाक्यं बोल्लाय का?"

बाकड्यावरचा रामराव म्हणाला, "आम्ही त्याला मुद्दाम गोष्ट सांग म्हनायचो. त्याला न्हाई यायची. मंग म्हनायचा, घरी इच्यारून सांगतो."

सगळे हसले, आणि तू खाली बसलास. चौदा वर्षं आम्ही दोघं नवरा-बायको, आणि ते गेल्यावर मी एकटी, ज्याला कुलूप लावून बसलो, ते गावाला त्या संध्याकाळपासूनच ठाऊक होतं. आप्पांना हे कळलं होतं का? मला वाटतं, होतं. म्हणूनच ते लाजायचे.

रात्रीच्या जेवणाआधी तू मला नवा कागद वाचून दाखवलास. "हा सिनेमा मी प्रथम पाहिला तो माझे वडील बद्रीनाथ यांच्या तंबूत. गोष्ट आईची होती, आवाज वडिलांचा. ती दिग्दर्शकाची नव्हती." मी म्हणाले, शेवटचं वाक्य काढू नकोस, ते खरं आहे. तू माझ्याकडे बघितलंस. मग तुला हसू आलं ते तू पाण्याच्या तांब्यात लपवलंस.

तो थंड होता, हे तुझं मत तू पुस्तकात तसंच ठेवलंयस. ठेव. पुस्तक तुझं आहे. दुसऱ्या चमच्याचं घातलंस तेवढं बरं झालं.

आता जीपचं. तू जीपमध्ये मागे पाय बाहेर सोडून बसलास, आत पंधरा-सोळा माणसं, टपावर कांद्याच्या गोण्या. मला वाटलं, निघताना तू काही तरी धड बोलशील. ड्रायव्हरनं गाडी चालू केल्यावर तू ओरडलास, "आई, काही म्हण, पण ते घर रिकामंच आहे!"

मी म्हणाले, "रिकामं कसं? ती काच कोण पुसतंय मग?"

"भास आहे तो!"

तुझ्या शेजारच्या पागोटेवाल्यानं विचारलं, "कोनाचं घर रिकामं पडलं, मास्तर?" तू त्याला सांगायला लागलास, माणूस आहे, लांब गेलाय, बायको वारलीय. मागची धावडा गावची बाई मांडीवरची पाटी सावरून म्हणाली, "वारली आन् काच पुसून राह्यली? मंग वारली कशी म्हनता?" दुसरा म्हणाला, "सपनात पुसत आसंल." ती म्हणाली, "सपनात कोनी काम करतं का, दादा? तितं तरी बसू द्या की बाईला." जीप हलली. ड्रायव्हरही मागे वळून काही तरी बोलत होता आणि त्याला लोक समोर बघ म्हणत होते. तू दोन्ही हातांनी त्यांना ते घर दाखवत होतास, खिडकी इथे, बाई इथे. वळणापर्यंत तुझे हात दिसत होते, मग धूळ.

मी घरी आले. ओट्यावर साखराबाई बसलेली होती, तिला सगळं सांगितलं.

पोचलास की लिही. आणि जीपमध्ये शेवटी काय ठरलं तेही लिही, साखराबाई विचारते आहे.

तुझी
आई